चाचणीचं शेत कुठे धरायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

शेती संशोधनाचा विषय निघाला की आपण बियाण्याबद्दल बोलतो, खताबद्दल बोलतो, फार तर निधीबद्दल. ते संशोधन कुठल्या जमिनीवर चाललंय, हे सहसा कुणी विचारत नाही. आज मी तेवढंच विचारणार आहे. कारण गरिबी हटावी म्हणून जे संशोधन होतं, त्याचा लाभ कुणाच्या पदरात पडणार, हे बरंचसं चाचणीची जागा ठरते तेव्हाच ठरून जातं.

मेक्सिकोतली गोष्ट घ्या. १९४० च्या दशकात नॉर्मन बोरलॉग हे शास्त्रज्ञ तिथे गव्हावर काम करत होते. वर्षाला एकच हंगाम, म्हणजे नवं वाण हाती यायला दहा-बारा वर्षं. म्हणून त्यांनी दोन जागा धरल्या. एक उत्तरेला सोनोरात, यॅकी खोऱ्यात, समुद्रसपाटीजवळची पाटपाण्याची जमीन. दुसरी मध्य मेक्सिकोत टोलुकाला, अडीच हजार मीटरहून उंच, थंड आणि पावसाळी. हिवाळ्यात सोनोरात पेरायचं, उन्हाळ्यात टोलुकाला. वरिष्ठांना हे पसंत नव्हतं. जिथे लावायचं तिथेच निवडायचं, असा तेव्हाचा शिरस्ता होता. पण या ये-जा करण्यातून दिवस लहान असो की मोठा, वेळेवर फुलोऱ्यावर येणारा आणि तांबेरा रोगाला सहजी बळी न पडणारा गहू मिळाला. त्यातूनच पुढे भारत-पाकिस्तानात पोचलेली बुटकी वाणं निघाली.

आता याची दुसरी बाजू. यॅकी खोऱ्यात पाट होते. तिथे निवडलेला गहू खुलला तो पाणी आणि खत मिळणाऱ्या रानात. कोरडवाहू शेतकऱ्यापर्यंत त्यातलं त्या मानाने कमी आलं, आणि उशिरा आलं. यात कुणाची लबाडी नव्हती. जागाच तशी होती.

मग सरळ सगळ्यात गरीब मुलूख शोधावा आणि तिथे तळ ठोकावा, असं कुणी म्हणेल. इतकं सोपं नाही ते. व्हिएतनामचे गरिबीचे नकाशे तयार झाले तेव्हा दिसलं की शंभरातले किती गरीब, या हिशोबाने दुर्गम डोंगराळ भाग सगळ्यात वाईट. पण एकूण गरीब माणसं मोजली तर ती जास्त होती तांबडी नदी आणि मेकाँगच्या सखल, दाट वस्तीच्या त्रिभुज प्रदेशांत. एक नकाशा तुम्हाला डोंगरात पाठवतो, दुसरा खाली भातशेतीत. मला विचाराल तर मी माणसं मोजेन. पण डोंगरातल्या पिकांकडे बघणारं दुसरं कुणीच नसेल, तर तिथे थोडे पैसे घालणं मला चुकीचं वाटत नाही. आणि कमी सोयींच्या भागात पैसा वाया जातो, ही समजूत तर भारतापुरती केव्हाच डळमळीत झाली आहे. शेंगेन फॅन आणि पीटर हेझेल या कृषी अर्थतज्ज्ञांनी २००० साली आपल्या सहकाऱ्यांसह दाखवलं की संशोधन, रस्ते अशा कामांवर घातलेला जादा रुपया कित्येक कोरडवाहू भागांत बागायती भागांपेक्षा जास्त उत्पन्न देतो आणि गरिबीही जास्त घटवतो.

प्रयोगशाळा शहरात असली तर माझी हरकत नाही. जनुकाला पत्त्याशी देणंघेणं नसतं. चाचणीच्या शेताला असतं. संशोधन केंद्राची जमीन सपाट केलेली, भोवती तारेचं कुंपण, मोटर हाताशी, वर्षानुवर्षं शेणखत पडलेलं. निंदणी ठरल्या दिवशी होते, कारण माणसं पगारी. गरीब शेतकऱ्याच्या घरातली बाई नेमकी त्याच आठवड्यात दुसऱ्याच्या रानात रोजाने निंदायला गेलेली असते. स्वतःच्या शेतातलं तण पुढे कधी सवड होईल तेव्हा निघतं. केंद्रावर तरारलेलं वाण तिच्याकडे तणात गुदमरतं, आणि अहवालात लिहिलं जातं की शेतकऱ्याने तंत्र नीट वापरलं नाही! शिवाय पाहणीच्या गाड्या डांबरी रस्ता संपतो तिथे थांबतात, भर पावसात तर निघतच नाहीत. म्हणजे धान्य संपतं, आजारपण येतं, कर्ज काढावं लागतं, ते महिनेच नजरेआड.

याउलट ओडिशातलं स्वर्णा-सब१ हे भात पाहा. पुरात तग धरणारं एक जुनं वाण मुळात ओडिशातलंच. त्यातलं जनुक २००६ साली हाती लागलं, ते लोकप्रिय स्वर्णा वाणात उतरवलं, आणि २००९ मध्ये भारतात ते प्रसारित झालं. सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही हे पीक पुन्हा उभं राहतं. पुढे तिथल्या गावांतल्या शेतांवर अभ्यास झाला, तेव्हा कळलं की अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला खोलगट, पाणी तुंबणाऱ्या जमिनी जास्त आहेत, त्यामुळे या बियाण्याचा फायदाही त्यांना जास्त होतो. जिल्हा तोच, गावही तेच. फरक बांधापलीकडच्या हात-दोन हात उताराचा. जिल्ह्याच्या नकाशावर तो दिसत नाही, तिथे जाऊन चालावं लागतं.

कोरडवाहू पिकांवर काम करणाऱ्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७५ साली गावांचा दीर्घ अभ्यास सुरू केला, तेव्हा मेहबूबनगर, सोलापूर आणि अकोला हे जिल्हे घेतले. एकीकडे तांबडी जमीन, दुसरीकडे खोल काळी पण पाऊस बेभरवशाचा, तिसरीकडे मध्यम काळी आणि पाऊस बराच खात्रीचा. नोंदी घेणारी माणसं गावातच राहिली. प्रत्येक गावात चाळीस घरं निवडली: तीस शेतकऱ्यांची, लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन गटांतली, आणि दहा मजुरांची.

ही दहा घरं मला सगळ्यात मोलाची वाटतात. तणनाशकाची चाचणी झाली की जमीनमालकाचा खर्च किती वाचला, हे मालकाला विचारून कळतं. निंदणीची मजुरी किती बुडाली आणि कुठल्या घरातून बुडाली, हे त्या दहा घरांत विचारलं तरच कळतं.