माळा भरतो कसा, रिकामा होतो कसा

[दृश्य: वन बीएचके घर. स्वयंपाकघराच्या दारावरचा माळा. पडदा बाजूला सरकतो.]

जमिनीपासून सात फुटांवर, दोन फूट खोल, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुढच्या रांगेत गणपतीचं मखर, आकाशकंदील, थंडीच्या रजया. या वस्तू दर वर्षी खाली येतात. त्यांच्या मागे टीव्हीचं खोकं, चाक निखळलेली बॅग, पितळी घागर, मुलांची दहावीची पुस्तकं. या येत नाहीत. मागची रांग काढायची तर आधी पुढची उतरवावी लागते, म्हणून ती तशीच राहते. मग नवी वस्तू कपाटावर जाते, नंतर पलंगाखाली, आणि शेवटी गॅलरीत.

मोजक्या वस्तूंत साधं राहायचं ठरलं, की बरीच घरं रविवारी सकाळी शिडी लावून इथूनच सुरुवात करतात. तिथेच फसतं. माळ्यावरच्या वस्तू जड, धुळीनं भरलेल्या, आणि जवळजवळ प्रत्येकीत कोणाचा तरी जीव अडकलेला. अकरा वाजता फोटोंचा अल्बम उघडतो, दोन वाजता हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि संध्याकाळी सगळं जसंच्या तसं वर चढतं. माळा शेवटी घ्यायचा. आधी प्लास्टिकचे डबे.

[दृश्य: ओट्याखालचं कपाट. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, हॉटेलातल्या भाजीचे डबे.]

सगळे डबे जमिनीवर मांडा आणि प्रत्येकाला त्याचं झाकण लावा. झाकण सापडत नसेल किंवा घट्ट बसत नसेल, तर डबा गेला. डबा नसलेलं झाकणही गेलं. उरलेल्यांतले चिरलेले, चिकट झालेले, धुऊनही मसाल्याचा वास न जाणारे बाजूला करा. या कामात कोणाचं मन दुखत नाही, कोणाला विचारावं लागत नाही, आणि ते अर्ध्या तासात पुरं होतं. वस्तू हातात घेऊन निर्णय करायची सवय अशाच ठिकाणी लागते. चौघांच्या घराला फ्रीजमध्ये उरलंसुरलं ठेवायला आणि शेजारी काही पाठवायला आठ-दहा डबे पुरतात.

त्या आठ-दहा डब्यांना एकच कप्पा द्या. कप्पा भरला की नवा डबा येताना जुना जाईल. मर्यादा आधी ठरवायची, वस्तू नंतर आणायची, हा क्रम फार महत्त्वाचा आहे. १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात गांधीजींसाठी पहिली झोपडी उभी राहायची होती, तेव्हाही आधी ठरली ती खर्चाची मर्यादा.

म्हणूनच कप्पे मोकळे करण्याआधी नवे रॅक, बास्केट, ऑर्गनायझर विकत आणू नका. नको असलेल्या वस्तूंना बसायला आणखी जागा मिळते, एवढंच होतं.

पुढच्या प्रत्येक कप्प्यासाठी पद्धत एकच. एका वेळी एक कप्पा, फार तर दोन तास, आणि चार ढीग: राहील, जाईल, दुरुस्तीला, आणि ठरत नाही. दुरुस्तीच्या वस्तूला पंधरा दिवस द्या. तेवढ्यात ती दुकानात पोचली नाही, तर ती ‘जाईल’मध्ये. ‘ठरत नाही’चं खोकं चिकटपट्टीनं बंद करून वर तारीख लिहा, आत काय आहे ते लिहू नका. सहा महिन्यांत जी वस्तू आठवली आणि लागली, तेवढीच बाहेर काढायची. आणि ‘जाईल’चा ढीग कुठे जाणार, हे कप्पा उघडण्याआधी ठरलेलं हवं. दाराशी बांधून ठेवलेली पिशवी आठ दिवसांत गेली नाही, तर ती सोडली जाते आणि त्यातलं निम्मं परत आत येतं.

[दृश्य: स्टीलचा तांब्या, काठाखाली टिंबाटिंबांनी घातलेलं नाव आणि लग्नाची तारीख.]

आता भांडी. मराठी घरात सर्वांत जास्त साठतं ते स्टील, आणि त्यातलं बरंचसं विकत घेतलेलं नसतं, आहेरात आलेलं असतं. चार माणसांच्या रोजच्या स्वयंपाकाला एक कुकर आणि त्यातली भांडी, कढई, तवा, झाकणांसह चार पातेली, पोळपाट-लाटणं, परात, सहा ताटं आणि बारा वाट्या पुरतात. पाहुण्यांसाठी आणखी सहा ताटं. यापेक्षा मोठी पंगत वर्षातून एखाद-दोनदा बसते, आणि तेवढ्यापुरती भांडी मंडपवाल्याकडून किंवा केटररकडून भाड्यानं मिळतात. त्या दोन दिवसांसाठी वर्षभर माळा अडवून ठेवू नये.

नाव घातलेलं भांडं देणं जिवावर येतं. एकसारखे तीन तांबे असतील, तर नावाचा तांब्या रोजच्या वापरात घ्या आणि बिननावाचे द्या. मोडीत द्यायचं ठरलं, तर घरीच बॅगा मोजायच्या काट्यानं वजन करून ठेवा. घेणारा आधी चुंबक लावून पाहील. निकेल असलेल्या चांगल्या स्टीलला ते सहसा चिकटत नाही आणि त्याला भाव जास्त मिळतो. चिकटणारं आणि न चिकटणारं असे दोन ढीग आधीच केलेत, तर सगळं कमी भावात जात नाही. पितळ, तांबं आणि ॲल्युमिनियम तर वेगळं ठेवायचंच.

पितळी पातेलं मोडीत देण्याआधी मात्र थांबा. बूड जाड असेल, तर कल्हई करून घेऊन तेच रोज वापरा आणि त्याऐवजी दोन पातळ स्टीलची द्या. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, आमटी किंवा चिंच घातलेलं काहीही ठेवलं तर ते कळकतं. आतून पिवळं दिसू लागलं की पुन्हा कल्हई करून घ्यायला हवी.

[दृश्य: कपड्यांचं कपाट.]

कपड्यांच्या बाबतीत आठवणीवर विश्वास ठेवू नका. “हा मी घालतो” असं वाटणारे कितीतरी कपडे वर्षभर हललेले नसतात. हँगरवरचे कपडे सगळे उलट्या बाजूनं अडकवा, आणि घालून धुतलेला कपडा परत जाताना सरळ अडकवा. घडीच्या कपड्यांत धुऊन आलेला कपडा नेहमी उजव्या टोकाला ठेवा, न वापरलेले आपोआप डावीकडे सरकत जातात. निर्णय पुरतं एक वर्ष गेल्यावरच घ्या. जूनमध्ये स्वेटर आणि जानेवारीत रेनकोट निरुपयोगीच वाटणार. नवरात्राच्या तोंडावर सुरुवात केली तर हिशोब सोपा, कारण घट बसण्याआधी घर झाडून-पुसून, अंथरुणं-पांघरुणं धुऊन होतच असतं.

सणाच्या रेशमी साड्यांना हा नियम लावू नका. त्यांच्यासाठी मर्यादा जागेची. ज्या ठेवाल त्या प्लास्टिकमधून काढून सुती कापडात गुंडाळा आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून नव्या रेषेवर घाला, नाहीतर घडीच्या रेषेवरच रेशीम विरतं. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. जुन्या सुती साड्या गोधडीला द्याव्यात. जॉर्जेट, शिफॉन त्यात घालू नये. ते थर सरकतात आणि घाम शोषत नाहीत.

बोहारीण दाराशी येते तेव्हा एक गोष्ट नकळत घडते: कपडे जातात आणि त्या बदल्यात भांडं येतं. कपाट हलकं होतं, माळा जड होतो. तिच्या धंद्याला आपल्या कपड्यांची गरज आहे, तेव्हा तिला जरूर द्यावेत, पण घरात खरंच कमी असलेली एकच वस्तू आधी ठरवून मागावी. दुसरा रस्ता संस्थांचा. १९९९ मध्ये सुरू झालेली ‘गूंज’ ही संस्था कपडे गोळा करते, पण ते धुतलेले आणि घालण्याजोगे हवेत. बटणं तुटलेली, चेन बिघडलेली असेल तर आधी नीट करून द्या. फाटकं ते पायपुसण्याला.

[दृश्य: कागदांची फाईल.]

कागद हे एकट्यानं आणि शांतपणे करायचं काम. घराचा मूळ करारनामा, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, जन्म-मृत्यूचे दाखले, शाळा सोडल्याचा दाखला, शस्त्रक्रियेचे अहवाल हे कायम ठेवायचे. आयकराचे कागद सात-आठ वर्षं ठेवले की निर्धास्त. विजेचं बिल भरून पुढच्या बिलात थकबाकी दिसत नसेल, तर जुनं गेलं, फक्त भाडेकरूशी किंवा जागेचा वाद चालू नसावा. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये लायसन्स, आरसी, गुणपत्रिका ठेवता येतात, म्हणून त्यांच्या झेरॉक्सचे गठ्ठे लागत नाहीत. पण मूळ कागद त्यामुळे टाकायचा नसतो. आधार आणि पॅनच्या झेरॉक्स तशाच रद्दीत देऊ नका. नंबर आणि फोटो मधोमध फाडा, तुकडे भिजवून लगदा करा.

औषधं आणि जुनी उपकरणं यांच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. मुदत संपलेल्या गोळ्या संडासात टाकू नका आणि भंगारातही देऊ नका. ट्यूबलाइट, सीएफएल, रंगाचे डबे यांच्यासारखा तोही घरगुती घातक कचरा आहे आणि तो वेगळ्या पिशवीत द्यायचा असतो. जुन्या मोबाइलमधून आधी आपल्या खात्यातून बाहेर पडा, मग माहिती पुसा, सिम आणि मेमरी कार्ड काढा. बॅटरी फुगली असेल तर ती दाबू नका, टोचू नका. ओल्या-सुक्या कचऱ्यात गेली तर गाडीत आग लागू शकते, आणि तो कचरा हातानं वेगळा करणारी माणसं तिथे असतात. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचरा आणि जुन्या वस्तूही गोळा करते. आपल्या गावात अशी सोय कुठे आहे, ते नगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयात विचारून घ्या.

[दृश्य: शिडी. एक जण वर, एक जण खाली शिडी धरून.]

आता माळा. नाकाला रुमाल, खाली धरायला माणूस, आणि पाटा-वरवंट्यासारखं जड काही असेल तर वरती दोघं. रिकामी खोकी आधी. वॉरंटीला बहुधा बिल आणि कार्ड लागतं, खोकं नाही. बदलीची नोकरी असेल तर फक्त टीव्हीचं ठेवा. थर्माकोलचं मखर आता पुन्हा वापरू नका, २०१८ पासून महाराष्ट्रात त्यावर बंदी आहे. कापडी किंवा पुठ्ठ्याचं, घडी होणारं मखर पाव जागेत मावतं.

दुसऱ्याच्या वस्तूला मात्र हात लावू नका, मग ती तुमच्या दृष्टीनं कितीही निरुपयोगी असो. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ आणि रेशनच्या रांगा पाहिल्या, त्या आजीला रिकामी बरणी टाकवत नाही, आणि त्यामागचं तिचं कारण खरं आहे. तिच्यासाठी माळ्याचा एक भाग आखून द्या. त्यात काय राहील हे तिचं ती ठरवेल. तिच्या माघारी भंगारवाल्याला बोलावलं, तर घरातला विश्वास जातो आणि पुढचं सगळं काम अडतं.

[दृश्य: हळदीकुंकू. ओळीनं मांडलेलं वाण.]

एवढं करूनही माळा वर्षभरात पुन्हा भरतो, कारण वस्तू येण्याच्या वाटा तशाच असतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत पाच-सात घरची हळदीकुंकवं झाली की पाच-सात वाणं घरात येतात: गाळणी, डबी, वाटी, साबणदाणी. आणि आपण लुटलेलं वाण तितक्याच घरांत जातं. इथे बदल आपल्या हातात आहे. वाण संपणारं द्यावं: गूळ, उदबत्ती, अंगाचा साबण, मेथी-कोथिंबिरीचं बी. ओटीचा खण या घरातून त्या घरात फिरत राहतो. तो शिवण्याजोगा सुती घेतला तर कोणीतरी तो घालेल.

ऑनलाइन खरेदीसाठी फ्रीजवर एक कागद लावा. हवीशी वस्तू आणि तारीख लिहा, आणि तीस दिवसांनीच मागवा. मोडलेली, रोज लागणारी वस्तू याला अपवाद. बिनव्याजी हप्त्याच्या जाहिरातीत महिन्याचा आकडा मोठा छापलेला असतो. कागदावर पूर्ण किंमत लिहा.

लग्न, मुंज, वास्तुशांत असेल तर पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ एवढं छापून भागत नाही, पुष्कळ लोक तो रिवाजाचा मजकूर समजतात. जवळच्या नातेवाइकांना आमंत्रणाच्या वेळीच तोंडी सांगा, आणि मानपानाच्या साड्या द्यायच्या-घ्यायच्या नाहीत हे दोन्हीकडच्यांनी बस्त्याच्या आधी ठरवा. बस्ता बांधून झाल्यावर हा विषय काढला तर कोणीतरी दुखावतंच.