पुलाखालचा वाघ, कूलरखालची गाय

नागपूरहून जबलपूरकडे निघालं की मनसर मागे पडतं आणि राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलात शिरतो. वर ट्रक धडधडत असतात. खाली सावली, मऊ माती, आणि तिच्यात उमटलेला पंजा.

मनसर ते खवासा या टप्प्यात प्राण्यांना रस्त्याखालून जायला ९ वाटा आहेत. लहानात लहान ५० मीटरची, मोठ्यात मोठी ७५० मीटरची. भारतीय वन्यजीव संस्थेनं २०१९ मध्ये इथं कॅमेरे लावले. मार्च ते डिसेंबर या काळात १८ जातींचे प्राणी टिपले गेले. वाघ ८९ वेळा, आणि ते वाघ होते ११. चितळ तर रोजचेच.

हे आपसूक झालेलं नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, तेव्हा कुठे रस्त्याच्या आराखड्यात या वाटा आल्या. वाघाचं नाव निघालं की फायली हलतात, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. वाघामुळे सशालाही वाट मिळाली, हे बरंच झालं.

आता शहरात या. नवतपा, मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस. दुपारचे दोन. गल्लीत एका खिडकीला लोखंडी कूलर टांगलाय, टाकीतून थेंब-थेंब पाणी गळतंय. खाली एक गाय मान वर करून तो थेंब जिभेवर झेलतेय. सिमेंटच्या रस्त्यावरून कुत्रं चालत नाही, पाय उचलत पळतं. रस्ता टिकाऊ आहे, खड्डा नाही. पण सिमेंट थेट कडुनिंबाच्या बुंध्याला भिडलंय, आणि झाड वाळलं की सावलीही जाणार.

या गायीसाठी कोर्टात कोण जाईल?

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली. त्यांतली चौदावी आणि पंधरावी जीवसृष्टीची. त्यांत प्रजाती आहेत, जंगलं आहेत, समुद्र आहे. एखाद्या जनावराच्या अंगाची लाही होते, ते मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेनं प्राणिकल्याण, पर्यावरण आणि विकास यांचा संबंध ठरावात मान्य केला. आपल्या संविधानात तर प्राणिमात्रांवरची दया हे नागरिकाचं कर्तव्यच आहे, अनुच्छेद ५१क मध्ये. पण नागरिकानं ठेवलेलं पाण्याचं घमेलं दुपारपर्यंत आटतं. हौद आणि सावली रस्त्याच्या नकाशातच आखावी लागते, पुलाखालच्या वाटेसारखी.

कूलरची टाकी रिकामी झालीय. पंप नुसता घरघरतोय. गाय थोडा वेळ थांबते, मग पुढच्या खिडकीकडे निघते.