निळे घुमट आणि खारं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

मी दर्यापूर तालुक्यातली. पूर्णा नदीच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा म्हणतात, त्यात आमचं शेत आहे. विहिरीला पाणी आहे, पण ते तोंडात धरवत नाही. पिकाला द्यावं तर काळी जमीन आवळून येते. त्यामुळे कुठल्याही नव्या गावी गेलं की माझी नजर आधी पाण्याकडे जाते. गेल्या वर्षी उझबेकिस्तानात जाऊन आले. समरकंद, बुखारा, खिवा ही तिथली जुनी शहरं निळ्या घुमटांसाठी जगात नावाजलेली आहेत. घुमटांबद्दल सांगेनच, पण पाण्याबद्दल अन् कापसाबद्दल जरा जास्त सांगणार आहे.

तिकडेच काहून, असं आमच्या गावात पुष्कळांनी विचारलं. त्याचं कारण नकाशात आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवत असे. भिंतीवरच्या जुन्या नकाशात कास्पियनच्या उजवीकडे अरल समुद्र ठळक निळा दिसायचा. जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर, असं मी मुलांकडून घोकून घेतलं. पुढे नवे नकाशे आले तसा तो निळा रंग आक्रसत गेला, मग त्याचे तुकडे झाले. कारण वाचलं ते असं की, समुद्राचं पाणी कापसाला गेलं. आमच्या घरात चार पिढ्या पऱ्हाटी, म्हणजे कापूसच, पेरतात. ती जागा डोळ्यांनी पाहायची, हे तेव्हापासून मनात होतं.

दिल्लीहून ताश्कंद विमानानं जेमतेम तीन तास. लालबहादूर शास्त्रींचं निधन याच शहरात झालं, 11 जानेवारी 1966 रोजी, करारावर सही झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे. तिथे त्यांचा पुतळा आहे, त्यांच्या नावाचा रस्ता आहे. पुतळ्यापुढे आमच्या गटातली सगळी मंडळी आपोआप उभी राहिली, पायातल्या चपला काढून. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भूकंपानं ताश्कंदचं जुनं शहर बरंचसं पडलं, म्हणून आज दिसतं ते रुंद रस्त्यांचं नवं शहर. जुनं पाहायचं तर पुढे समरकंदला जावं लागतं.

समरकंदचा रेगिस्तान चौक फोटोत सगळ्यांनी पाहिलेला असतो. तीन बाजूंना तीन मदरसे, मध्ये मोकळी फरसबंदी. डावीकडचा उलूघ बेगाचा, 1420 मध्ये पुरा झालेला. बाकीचे दोन सतराव्या शतकातले. समोरून सगळं एकसारखं निळं वाटतं, पण भिंतीला नाक लावून पाहिलं तर कळतं की वेगवेगळ्या रंगांच्या फरशीचे बोटाएवढे तुकडे कापून एकेक जुळवून बसवलेत. फिरोजी, गर्द निळा, पांढरा, मधूनच मधाचा पिवळा. शेरदोर मदरशाच्या कमानीवर हरणामागे धावणारा वाघ काढलाय अन् त्याच्या पाठीवर सूर्याचा चेहरा. नाव शेराचं, म्हणजे सिंहाचं, अंगावर पट्टे वाघाचे. मेळघाट आमच्यापासून दूर नाही, त्यामुळे त्या वाघापाशी मी बराच वेळ रेंगाळले. गाइड म्हणाला, अमूदर्या नदीकाठच्या बोरूच्या दाट बनांत पूर्वी खरोखरचे वाघ होते. विसाव्या शतकात ते संपले. शिकार झाली, अन् शेतीसाठी ती बनंही तोडली गेली.

पण समरकंदमध्ये मला सगळ्यांत जास्त भावलं ते उलूघ बेगाच्या वेधशाळेचं तळघर. उलूघ बेग तैमूरचा नातू. आजोबांनी मुलूख जिंकले, नातवानं तारे मोजले. 1420 च्या दशकात शहराबाहेरच्या टेकडीवर त्यानं ही वेधशाळा उभारली. 1449 मध्ये पोटच्या मुलाच्या हुकमानं त्याचा खून झाला. वेधशाळाही पाडली गेली, ती इतकी की कुठे होती हेच लोक विसरले. 1908 मध्ये व्याटकिन नावाच्या रशियन संशोधकाला तिचा माग लागला. आता उरलाय तो जमिनीखाली खोदलेला तुकडा. दारातून आत वाकून पाहिलं की संगमरवरी दगडाच्या दोन समांतर पट्ट्या वळण घेत खाली अंधारात उतरताना दिसतात. त्यांवर अंशांच्या खुणा कोरलेल्या आहेत. हा एका प्रचंड कमानीचा भाग, तिची त्रिज्या सुमारे 40 मीटर. वरच्या झरोक्यातून उन्हाचा कवडसा त्या खुणांवर पडायचा, त्यावरून सूर्याची उंची मोजायची. दुर्बिणीचा शोध लागायला तेव्हा दीडशेहून जास्त वर्षं होती. तरी या लोकांनी हजारावर ताऱ्यांची सारणी केली, अन् वर्षाची लांबी काढली त्यात आजच्या हिशेबानं एका मिनिटाचीही चूक नाही. सवाई जयसिंगानं दिल्ली, जयपूर, उज्जैनला वेधशाळा बांधल्या त्या याच सारण्या अभ्यासून. आपल्याकडचे कितीतरी लोक महाकालाच्या दर्शनाला उज्जैनला जातात. तिथली वेधशाळा अवश्य पाहा, समरकंदचा वारसा तिथे उन्हात उभा आहे.

समरकंदहून घाट ओलांडून शहरीसब्ज या गावी गेलो. तैमूरचा जन्म या भागातला. त्याच्या आक-सराय महालाच्या दरवाजाचे दोन भग्न खांब तिथे आभाळात गेलेत, बघतच राहावं असे. पण सभोवती पाहिलं अन् जीव हळहळला. या वास्तूंच्या भोवती शेकडो वर्षांची वस्ती होती, मातीची घरं, अंगणं, गल्ल्या. पर्यटकांसाठी बाग करायची म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वी ती वस्ती काढून टाकली. युनेस्कोनं 2016 मध्ये हे गाव धोक्यातल्या वारशाच्या यादीत घातलं ते त्यामुळेच. हिरवळ, कारंजी, बाकडी, सगळं नीटनेटकं आहे अन् ते मला अजिबात पटलं नाही. आपल्या अचलपुरात जुन्या वेशींतून आजही सायकली, हातगाड्या, शाळेची पोरं जातात. वेशीची पडझड होते, तिची काळजी घ्यायलाच हवी, पण माणसं हटवून नव्हे.

बुखारा मात्र अजून नांदतं आहे. 1127 सालचा कल्यान मिनार तिथे उभा आहे, नुसत्या भाजलेल्या विटांचा, 45 मीटरहून उंच. विटांच्याच नक्षीचे पट्टे एकावर एक. 1220 मध्ये चंगेजखानानं शहर जाळलं, मिनार तेवढा राहिला. पण बुखाऱ्याचा जीव हौदांत होता. वर्षाला जेमतेम सव्वाशे-दीडशे मिलिमीटर पाऊस पडणारं हे गाव. आपल्याकडे सात-आठशे पडतो अन् तरी आपण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो. त्यांनी झरफशान नदीचं पाणी कालव्यानं आणून मोहल्ल्यामोहल्ल्यात हौद भरले. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत असे कितीतरी हौद होते. लोकांचं पाणी भरणं, भेटीगाठी, बाजाराच्या गप्पा, सगळं त्यांच्या काठी.

त्यांतला लब-ए-हौद आजही भरलेला आहे. 1620 सालचा. दगडी पायऱ्या चारही बाजूंनी पाण्यात उतरतात, अन् काठावर तुतीची शेकडो वर्षांची झाडं आहेत, खोडं पोकळ झालेली, तरी वर पालवी. त्याची एक दंतकथा तिथे सांगतात. वजिराला हौदासाठी जागा हवी होती आणि ती एका विधवा बाईची होती. बाई विकेना. मग त्यानं तिच्या घराच्या कडेनं पाण्याचा पाट काढला. पाणी मुरून मुरून पाया खचला अन् शेवटी तिनं जागा सोडली. हौद तसाच सुंदर आहे, पण पाटाचं पाणी ज्याच्या बांधात मुरतं त्याचं काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. मला त्या काठावर बसल्यावर सारखी ती बाईच आठवत राहिली.

मग बाकीचे हौद गेले कुठे? ते बुजवले, अन् त्याचं कारण नारू. आपल्या म्हाताऱ्या माणसांना नारू माहीत आहे. पायाला फोड यायचा अन् त्यातून दोऱ्याएवढा लांब जंत बाहेर पडायचा. माझे आजोबा सांगत की काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजलाच. नेमकं हेच बुखाऱ्यात चालायचं. तिथे हे काम न्हाव्यांचं होतं. 1558 मध्ये बुखाऱ्यात आलेल्या अँथनी जेंकिन्सन या इंग्रज व्यापाऱ्यानंही या जंताबद्दल लिहून ठेवलंय. रोगी माणूस हौदात पाय बुडवणार, जंताची पिल्लं पाण्यात सुटणार, तेच पाणी दुसरा पिणार. 1920 च्या दशकात लिओनिद इसायेव या डॉक्टरनं हौद उपसले, रोग्यांची नोंद ठेवली, नळाचं पाणी आलं, अन् दहाएक वर्षांत बुखाऱ्यातून नारू गेला. आपला देश नारूमुक्त जाहीर व्हायला 2000 साल उजाडलं. आपल्याकडे पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या त्याही याच कारणानं. म्हणून जुने हौद बुजले याची हळहळ वाटली तरी इसायेवचं काम मला मोठं वाटतं. पाणी साठवणं अन् पाणी स्वच्छ ठेवणं या दोन्ही विद्या गावाला लागतात.

बुखाऱ्याहून खिवा, वाटेत किझिलकुम वाळवंट. कित्येक तास नुसती वाळू अन् झुडपं, मग एकदम अमूदर्या येते आणि तिच्यापलीकडे कापूसच कापूस. सप्टेंबर संपत आलेला, बोंडं फुटलेली. आम्ही गाडी थांबवायला लावली. शेतात बाया वेचत होत्या. आपल्यासारखंच कमरेला फडकं बांधून त्याची ओटी केलेली, दोन्ही हातांनी वेचायच्या, ओटी भरली की धुऱ्यावरच्या ढिगात रिकामी. एकीनं माझे हात पाहिले, बोंडाच्या वाळल्या टोकांनी नखांच्या कडेला पडलेले ओरखडे ओळखले अन् स्वतःचे पुढे केले. त्यातली एक शाळेत शिकवणारी निघाली, स्वतःच्या घरच्या शेतात आलेली. ती म्हणाली, पूर्वी वेचणीच्या दिवसांत शिक्षक, नर्स, विद्यार्थी, सगळ्यांना सरकार सक्तीनं शेतात पाठवायचं, शाळा ओस पडायच्या. जगभरच्या कापड कंपन्यांनी वर्षानुवर्षं तिथला कापूस नाकारला तो यासाठी. आता ती सरकारी सक्ती संपल्याचं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 2022 मध्ये सांगितलं अन् बहिष्कारही उठला. हे सांगताना तिचा आवाज मोकळा होता. आम्ही दोघी मास्तरणी, धुऱ्यावर बसून तिनं आणलेली तंदुरी रोटी हातानं तोडून खाल्ली. तिथे रोटीला सुरी लावत नाहीत अन् ती पालथी ठेवत नाहीत.

त्या शेतात मला ओळखीचं दिसलं ते म्हणजे मीठ. सरीच्या माथ्यावर पांढरा थर. त्यांच्याकडे हिवाळा सरताना शेतात पाणी कोंडून ते मीठ खाली धुवून काढतात, मगच एप्रिलात पेरतात. खिवा शहराच्या मातीच्या तटालाही खालून लोणा लागलेला आहे, अगदी आमच्या घराच्या जोत्याला लागतो तसा. पण तिथल्या जुन्या गवंड्यांची एक युक्ती पाहून मी थक्क झाले. पाया अन् भिंत यांच्यामध्ये ते बोरूचा थर अंथरत, म्हणजे खारी ओल वर चढत नाही. एका पडक्या भिंतीत तो थर मला दाखवला, बोरू अजून शाबूत होते. खारपाणपट्ट्यातल्या गवंड्यांनी अन् इंजिनिअरांनी हे जाऊन पाहावं असं मला मनापासून वाटतं. खिव्याच्या जुमा मशिदीत दोनशेहून जास्त लाकडी खांब आहेत, त्यांतले काही खांब हजारेक वर्षांपूर्वीचे, प्रत्येकाची नक्षी निराळी. तेही दगडी बैठकीवर उचलून ठेवलेत, जमिनीला लाकूड टेकत नाही.

आणि मग मोयनाक, अरल समुद्राच्या जुन्या काठावरचं गाव. नुकूस शहरापासून उत्तरेला साधारण दोनशे किलोमीटर. 1960 च्या सुमारास अरल समुद्राचं क्षेत्र 68 हजार चौरस किलोमीटर होतं. आपला अमरावती विभाग, पाच जिल्हे मिळून, 46 हजारांचा. म्हणजे दीडपट. अमूदर्या अन् सिरदर्या या दोन नद्या त्याला भरत. सोव्हिएत काळात कापसासाठी दोन्ही नद्यांवर कालवे काढले, पुष्कळसे मातीचे, बिनअस्तराचे, निम्मंअर्धं पाणी वाळूत मुरायचं. समुद्राचा आज दहावा हिस्सा उरला असेल नसेल. मोयनाक हे बंदर होतं. तिथे मासळीचा कारखाना होता. पाणी हटल्यावर तो चालू ठेवायला दूरच्या समुद्रांतून गोठवलेली मासळी रेल्वेनं आणत, शेवटी तोही बंद पडला. आता कड्याखाली वाळूत गंजलेल्या बोटी ओळीनं उभ्या आहेत. मी खाली उतरले. पायाखाली शिंपले चुरचुरतात. बोटीच्या पत्र्याला हात लावला तर गंज तळव्याला लागला. समुद्र तिथून शंभराहून जास्त किलोमीटर लांब गेलाय. वारा सुटला की तळातलं मीठ अन् कापसावर फवारलेल्या औषधांची जुनी माती उडते. त्या भागात श्वासाचे अन् रक्तक्षयाचे आजार फार आहेत.

कापसानं समुद्र पिऊन टाकला असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. कापूस काही पाणी मागायला गेला नव्हता. किती एकर अन् कुठल्या जमिनीत लावायचा हे दूर बसलेल्या माणसांनी ठरवलं, अन् मोयनाकच्या कोळ्याला किंवा खिव्याच्या शेतकऱ्याला कुणी विचारलं नाही. उत्तरेला कझाकस्तानच्या हद्दीत 2005 मध्ये कोक-अरल नावाचं धरण पुरं झालं, तेवढ्या भागात पाणी चढलं, खारटपणा उतरला, मासळी परत आली. मोयनाकच्या बाजूला कोरड्या तळावर साक्साउल नावाची काटक झुडपं लाखोंनी लावताहेत, वाळू धरून ठेवायला.

तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर सप्टेंबरअखेर किंवा एप्रिल गाठा, उन्हाळा आपल्यासारखाच भाजतो. खाण्यात मांस जास्त आहे, पण रोटी, टमाटे, दही, सांबार म्हणजे कोथिंबीर, अन् खरबूज यांवर माळकऱ्याचंही भागतं. खिव्यात मुक्काम तटाच्या आतच करा. सहलवाले बहुतेक वेळा खिव्याहूनच परत फिरवतात, मोयनाकला नेत नाहीत. त्यांना आधीच सांगून ठेवा, अन् नाहीच ऐकलं तर नुकूसहून स्वतंत्र गाडी करा. एक दिवस लागतो.

नमस्कार.