फळत नाही ती आवळी

नमस्कार श्रोतेहो. परसातली आवळी फळत नाही, ही तक्रार घरोघरची. तिच्यावर बोलायचं तर आधी आमच्या आत्याची आवळी सांगायला हवी.

आत्या वाईजवळच्या एका खेड्यात राहते. परसात बनारसी आवळ्याचं कलम. तीन-चार वर्षांत फळायचं, पण नऊ वर्षं झाली तरी तुळशीच्या लग्नाला आवळे बाजारातूनच यायचे. मग कुणीतरी जुना उपाय सांगितला. आतोबांनी कोयता घेऊन झाडावर धावून जायचं, "तोडतोच हिला, नुसती वाढलीय!" आणि आत्यानं आडवं पडायचं, "राहू द्या हो, यंदा देईल ती."

धुळवडीला सकाळी प्रयोग झाला. पहिलं वाक्य बरं गेलं. पण आतोबा मुळात तापट. कोयता हातात आला आणि ते आवळीवरून आत्याच्या आमटीवर घसरले. आत्यानं झाड सोडलं आणि त्यांचं माहेरी न येणं काढलं. शेजारी भिंतीवरून बघतायत, आवळी मुकाट उभी!

आणि कार्तिकात ती लगडली की हो.

खरी गोष्ट भिंतीपलीकडे होती. शेजाऱ्यांनी लावलेलं चकैया जातीचं कलम त्या वर्षी पहिल्यांदा फुललं होतं. बनारसीला मादी फुलं मुळात कमी, त्यात स्वतःचे पराग तिला फारसे लागू पडत नाहीत. म्हणून जोडीला दुसरं झाड हवं, तेही दुसऱ्या जातीचं. पुन्हा सांगतो, दुसऱ्या जातीचं. पराग आणायला वारा आणि मधमाश्या आहेतच.

फुलोऱ्यात पाणी तोडा. न्हाणीचं पाणी बुंध्याशी सोडलं असेल तर तेही वळवा. झाड बियांचं असेल तर सात-आठ वर्षं वाट बघा. आणि चैत्रात फुलून ज्येष्ठात काही दिसत नाही म्हणून घाबरू नका. धरलेलं फळ उन्हाळाभर निजून असतं, पावसाळ्यात वाढतं.

आता ही आवळा-कँडी. मला ती कधीच पटली नाही. तुरटपणा साखरेत बुडवून मारायचा, तर पेठाच खावा माणसानं! मिठाच्या पाण्यातला आवळा चावावा, वर माठातलं पाणी प्यावं, ते आपसूक गोड लागतं.

असो. आत्याला हे परागांचं सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल बाबा. पण आतोबांनी कोयत्याला धार लावलीय. यंदा लिंबोणीची पाळी आहे."