विहिरीत तुटलेला पाइप: तीन किलोमीटर खोल गळ टाकायचा कसा

[दृश्य: गावाकडचा बोअर, वर लोखंडी तिपाई, चेन ब्लॉक लटकतोय]

बोअरमधे मोटर पडली की घरात कसं वातावरण होतं हे ज्यांच्याकडं झालंय त्यांना सांगायला नको. आमच्याकडं 200 फुटांवरच्या मोटरचा पाइप सॉकेटपाशी तुटला होता, मोटर काढणारा माणूस आला, आम्ही सगळे घाईत की बाबा टाक काहीतरी आत आणि काढ, आणि हा पठ्ठ्या वर निघालेल्या पाइपाचं तुटलेलं टोक उन्हात धरून फिरवून फिरवून बघतोय. मग विचारतो, पाइप किती सोडले होते, 10 का 11? कुणालाच आठवेना. तो म्हणाला, आधी हे आठवा, तोवर मी चहा पितो.

तेव्हा राग आला होता, खरं सांगायचं तर. पण तेलाच्या विहिरीत तुटलेले पाइप कसे काढतात हे बघायला लागलो तेव्हा कळलं की तिथंही सगळं इथूनच सुरू होतं, फक्त 200 फुटांच्या जागी तीन किलोमीटर, आणि चहा प्यायला वेळ नसतो कारण रिगचं, म्हणजे विहीर खोदायच्या अवाढव्य यंत्राचं, भाडं दिवसावर चालू असतं.

[दृश्य: समुद्र, लांबून दिसणारी रिग]

मुंबईपासून समुद्रात साधारण 160 किलोमीटरवर मुंबई हाय. 1974 च्या फेब्रुवारीत सागर सम्राट नावाच्या रिगनं इथं तेल शोधलं, तेव्हापासून जुहूवरनं हेलिकॉप्टर उडतायत आणि आपली कितीतरी मराठी पोरं 14 दिवस पाण्यात, 14 दिवस घरी असं आयुष्य काढतायत. यांच्यातल्या कुणाला विचारा, पाइप तुटून खाली राहिला तर त्या तुकड्याला काय म्हणता? फिश. आणि तो काढायच्या कामाला? फिशिंग. म्हणजे वर पाण्यात कोळ्यांची मासेमारी आणि तळाखाली खडकात यांची.

आता हा पाइप म्हणजे काय चीज आहे ते बघू. एकेक पाइप साधारण 30 फुटांचा, बाहेरचा व्यास बऱ्याचदा 5 इंच, आट्यांनी एकात एक पिळून जोडलेले, आणि असे जोडत जोडत तीन हजार मीटर. तीन हजार मीटरचं वजन 90 टनांच्या आसपास जातं. सगळ्यात खाली खडक खाणारं बिट, त्याच्यावर ड्रिल कॉलर, म्हणजे जास्त जाड आणि जड पाइप. पाइपाच्या पोटातून मड, म्हणजे माती वगैरे कालवलेलं दाट द्रावण, खाली पंप करायचं, ते बिटातून बाहेर पडून खडकाचा चुरा घेऊन बाहेरच्या बाजूनं वर येतं. चिखल नाही म्हणायचं हं, मडच म्हणतात.

एवढा जाड पोलादी पाइप तुटतो कसा, तर आपण तार तोडतो तसाच. पुढं वाकव, मागं वाकव, पुढं वाकव, मागं वाकव, तट्. विहीर कधीच सरळसोट नसते, आणि थोड्याशा बाकातून पाइप फिरत असला की प्रत्येक फेऱ्यात तो एकदा इकडं एकदा तिकडं वाकतो. मिनिटाला 100 फेरे धरा, दिवसाला 1 लाख 44 हजार झाले. कुठंतरी आट्यांपाशी केसासारखी चीर पडते, मड त्यातून जोरात बाहेर मारायला लागतं आणि स्वतःच भोक मोठं करत जातं. याला वॉशआउट म्हणतात. वर पंपाचं प्रेशर हळूहळू उतरायला लागतं, आणि इथंच ड्रिलरची परीक्षा असते, कारण जो ड्रिलर काट्याकडं बघून लगेच पाइप वर काढायला घेतो त्याची गोष्ट कोणी सांगत नाही, आणि जो म्हणतो की बघू अजून अर्धा तास, त्याच्या गोष्टीवर आपण हा व्हिडिओ करतोय.

कारण मग वजनाचा काटा एकदम खाली येतो. आत्ता हुकवर 90 टन होते, आत्ता 60. बाकीचे 30 टन खाली राहिले.

[दृश्य: खिशातली वही, पेन्सिलनं काढलेलं चित्र, आकडे]

हे दृश्य मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त आवडतं. रिगवर विहिरीत जाणारी प्रत्येक वस्तू, म्हणजे अगदी प्रत्येक, आत जायच्या आधी मोजतात. बाहेरचा व्यास, आतला व्यास, लांबी, आटे कुठले, खांदा कुठं, मान कुठं. वहीत चित्र काढून आकडे लिहितात. सगळं नीट चाललेलं असताना हा शुद्ध कंटाळा असतो, पावसात कॅलिपर घेऊन पाइप मोजायचे. पण ज्या दिवशी तुटतं त्या दिवशी ती वही म्हणजे देव. तळाशी कोणाला दिसतंय? कॅमेरा सोडला तरी मडमधे त्याला काय डोंबल दिसणार. तुम्हाला माहीत काय तर वर किती पाइप निघाले आणि वहीत किती होते, वजाबाकी करा, तुटलेलं टोक किती खोल आहे ते कळलं. आमचा मोटरवाला 10 का 11 विचारत होता ते याचसाठी.

वर आलेलं टोकही बोलतं. सपाट तुटलंय, तिरकं तुटलंय, की पिळवटून लांबट झालंय, त्यावरून खालचं टोक कसं असेल याचा अंदाज बांधतात. आणि अंदाज पटत नसेल तर शिसं सोडायचं.

शिसं म्हणजे इम्प्रेशन ब्लॉक, लोखंडी डोक्याच्या तळाशी मऊ शिशाचा गोळा. तो पाइपाच्या टोकाला लावून तीन किलोमीटर खाली न्यायचा, फिशच्या डोक्यावर टेकवायचा, थोडं वजन द्यायचं, आणि परत तीन किलोमीटर वर. एकदाच टेकवायचा, दोनदा टेकवला की ठशावर ठसा पडतो आणि काहीच कळत नाही. एवढी सगळी खटाटोप, तासन् तास, कशासाठी, तर शिशावर उठलेल्या एका चंद्रकोरीसाठी. टूलपुशर, म्हणजे रिगवरचा मुकादम, तो गोळा पुसून उजेडात धरतो, अंगठा फिरवतो. पूर्ण गोल उठला असेल तर पाइप मधोमध उभा आहे, बरं झालं. कडेला नुसती कोर उठली असेल तर तो भिंतीला टेकून बसलाय, दाराआड ठेवलेल्या काठीसारखा, आणि मग हत्याराच्या टोकाला आकडा लावून त्याला भिंतीपासून ओढून मधे आणावं लागतं.

आता खरा गळ. त्याचं नाव ओव्हरशॉट.

[दृश्य: ओव्हरशॉट आडवा कापलेला, आतली पकड]

बाहेरून बघाल तर एक जाड लोखंडी नळकांडं, बस. आत मात्र भिंतीला गोल गोल जिन्यासारखी उतरती चाकोरी कोरलेली, आणि त्या चाकोरीत स्प्रिंगसारखी एक पकड बसवलेली, ग्रॅपल म्हणतात तिला, आतल्या बाजूनं दातेरी. फिशच्या डोक्यावर हे नळकांडं टोपीसारखं उतरवायचं, हळूहळू उजवीकडं फिरवत. पाइप आत शिरताना पकड जराशी फाकते, शिरू देते. आणि वर ओढायला गेलात की नळकांडं वर सरकतं, पकड पाइपाला चिकटून राहते, चाकोरी निमुळती असल्यामुळं पकड चारी बाजूंनी आवळली जाते. जितकं ओढाल तितकी घट्ट, सरकफासासारखी. आतली पकड फिशच्या मापाप्रमाणं निवडावी लागते, माप चुकलं तर एक तर शिरणारच नाही किंवा शिरून निसटेल. परत वही.

पण याची खरी हुशारी धरण्यात नाही, सोडण्यात आहे. फिश खाली जाम अडकलेलं असेल आणि निघतच नसेल तर? ओव्हरशॉटला खाली एक दणका द्यायचा, पकड सैल होते, मग परत उजवीकडं फिरवत हळूहळू वर घ्यायचं, सुटतं. डावीकडं का नाही, तर डावीकडं फिरवलं तर आपल्याच पाइपाचे आटे उलटे सुटतील आणि खाली एक फिश होतं तिथं दोन होतील. जुन्या काळात आतून आटे पाडणारा टॅप आणि बाहेरून आटे पाडणारी डाय वापरायचे, अजूनही कधीमधी वापरतात, पण ते एकदा बसले की सुटायचं नाव घेत नाहीत, म्हणून त्यांच्यावर सेफ्टी जॉइंट लावतात, म्हणजे गळ्याशी आलं तर तिथून सुटून येता यावं. बाहेरून धरायला जागाच नसेल तर स्पिअर, तो पाइपाच्या आत शिरून आतून फाकतो.

धरलं. आता ओढा. निघत नाही.

बऱ्याचदा नाहीच निघत, कारण दरम्यान खडकाचा चुरा फिशभोवती बसलेला असतो, किंवा मडच्या दाबानं पाइप विहिरीच्या भिंतीला चिकटलेला असतो. इथं जार लागतो. जार म्हणजे आपला लोणच्याचा नाही, हा हातोडा आहे. भिंतीतला खिळा ओढून येत नाही, पण ठोकलं की हलतो, तसंच. जारच्या आत तेल असतं आणि ते बारीक वाटेनं हळूहळू सरकतं, तोवर वरून ओढ देत राहायची, पाइप रबरासारखा ताणला जातो, आणि अचानक आत रुंद जागा लागते, तेल सपकन निघून जातं, आणि ताणलेला सगळा जोर एका झटक्यात हातोड्यासारखा आदळतो. अख्खी रिग हादरते. परत खाली, परत ओढ, परत दणका. असं तास न् तास.

हा जार तेलाच्या धंद्यापेक्षा जुना आहे. अमेरिकेत कनॉवाच्या खोऱ्यात, आजच्या वेस्ट व्हर्जिनियात, लोक मिठाच्या पाण्यासाठी विहिरी खोदायचे, तिथल्या विल्यम मॉरिसनं 1841 मधे जारचं पेटंट घेतलं. म्हणजे ज्याच्यावर आज तेलवाले जगतात ते हत्यार मिठागरवाल्यांनी बनवलं. आणि तेलवालेही लगेचच अडकले. 1859 च्या ऑगस्टमधे पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेक नावाच्या माणसाला 69 फुटांवर तेल लागलं, त्यानंतर चारच दिवसांत जवळच जॉन ग्रँडिन नावाच्या 22 वर्षांच्या पोरानं लोहाराला हाताशी धरून विहीर सुरू केली, 134 फूट गेला, हत्यार आत अडकलं, सुरुंगही लावून पाहिला, तेल नाही ते नाहीच. तेल लागल्यावर चार दिवसांत सुरू केलेली विहीर, आणि तीच अडकली. माणूस काही वेळ लावत नाही.

जार मारूनही हललं नाही तर प्रश्न येतो की पाइप अडकलाय नेमका कुठं. आणि हे शोधायची पद्धत इतकी साधी आहे की मला पहिल्यांदा खोटीच वाटली. वर 20 टन जास्तीची ओढ द्यायची आणि पाइप किती लांब झाला ते बघायचं, खडूनं खूण करून. 5 इंची नेहमीचा पाइप तीन हजार मीटर मोकळा असेल तर तो जवळजवळ पावणेतीन फूट ताणतो. पोलाद, पावणेतीन फूट! निम्माच ताणला तर वरचा निम्माच मोकळा आहे, अडकलंय ते दीड हजार मीटरवर. मग तारेवर सेन्सर सोडून नक्की करतात, आणि त्याच तारेवर स्फोटक दोरी. पाइपाला उलटा पीळ देऊन ठेवायचा, दोरी बरोबर जोडापाशी आणायची, उडवायची. दणक्यानं आटे सैल होतात आणि पाइप तिथूनच उलगडतो. वरचं निघालं तेवढं आपलं.

किरकोळ मासळी वेगळीच. बिटाचे दात, बेअरिंगच्या गोळ्या, रिगवरून कुणाच्या हातून निसटलेला पाना. त्याला लोहचुंबक आहे, तुकडे गोळा करणारी जंक बास्केट आहे, आणि काहीच जमलं नाही तर मिल, टंगस्टन कार्बाइडचे तुकडे बसवलेलं तोंड, सगळं दळून चुरा करायचा आणि मडबरोबर वर आणायचा.

[दृश्य: रिकामा पडदा, मग बर्फाळ प्रदेश]

पण प्रत्येक फिश निघत नाही. आणि बाहेरच्या माणसाला वाटतं की हे लोक हिंमत हरले, तर तसं नाही, हिशोब करतात. खाली राहिलेल्या सामानाची किंमत, अधिक सिमेंट टाकून बाजूनं नवी वाट पाडायचा खर्च, भागिले फिशिंगचा रोजचा खर्च. उत्तर येईल तेवढे दिवस प्रयत्न करायचा, पुढं नाही. हा नियम पाळणं फक्त कागदावरच सोपं आहे, कारण रिगवर नेहमी एक जण असतो जो म्हणतो, आणखी एक ट्रिप, या वेळी नक्की.

रशियात कोलाला तर हिशोब वेगळाच झाला. ती तेलाची विहीर नव्हती, खडकाच्या अभ्यासासाठी 1970 पासून खोदत होते, 12 किलोमीटरच्या खाली गेले होते. 27 सप्टेंबर 1984 ला पाइप पिळवटून तुटला आणि पाच किलोमीटरचा तुकडा आत राहिला. पाच किलोमीटर! ओढून काढायच्या गोष्टीच नाहीत. सात किलोमीटरपाशी परत येऊन बाजूनं नवी वाट पाडली आणि 1989 मधे 12,262 मीटरला पोचले. तो तुकडा तिथंच आहे.

आणि एक प्रकारचं फिश असं असतं की ते निघालं नाही तर नुसतं सोडून चालत नाही. खडक तपासायच्या काही यंत्रांमधे किरणोत्सर्गी गोळी असते, तीच खाली राहिली तर काय? अमेरिकेत याचा नियम आहे. गोळीवर सिमेंट भरायचं, पुढं कोणी चुकून खोदलं तरी बिट तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून वर आडकाठी बसवायची, आणि विहिरीच्या तोंडाशी कायमची पाटी लावायची. किमान सात इंच चौरस, विहिरीचं नाव, मालक, तारीख, गोळी कुठली, किती खोल, आणि या विहिरीत परत शिरू नका.

[दृश्य: पाटी जवळून, गंजलेले बोल्ट]

आपल्या दारावर नावाची पाटी असते ना, साधारण तेवढीच.