अरुण दाते : हळू आवाजाचा लांब पल्ला

मंडळी, मंडईचा, म्हणजे आपल्या गावोगावच्या जत्रांचा, हंगाम तोंडावर आला. दिवाळी आटोपली की झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, रात्ररात्र नाटकं उभी राहतील, ऑर्केस्ट्रे फिरतील आणि कुठल्या ना कुठल्या मंचावर कुणीतरी ‘शुक्रतारा मंद वारा’ म्हणेलच. ते गाणारे भावगीतगायक अरुण दाते, त्यांचं कौतुक तुम्ही पुष्कळ ऐकलंय. आज त्यांचं गाणं गाताना हात कुठं भाजतो, ते बघू.

चरित्र थोडक्यात. 4 मे 1934 चा जन्म, गाव इंदूर. वडील रामूभैया दाते मोठे रसिक, घरी गवयांचा राबता. जवळच देवासला कुमार गंधर्व, त्यांच्याकडे तालीम, पुढं के. महावीर यांच्याकडे. शिक्षण मात्र वस्त्रोद्योगाचं, आणि बरीच वर्षं त्याच धंद्यात नोकरी. 1955 पासून आकाशवाणीवर गाणं. 1962 मध्ये ‘शुक्रतारा’ आलं: शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, सोबत सुधा मल्होत्रा. मग यशवंत देवांच्या चाली, ‘भातुकलीच्या खेळामधली’, ‘या जन्मावर, या जगण्यावर’, ‘दिवस तुझे हे फुलायचे’. ‘शुक्रतारा’ याच नावाचा कार्यक्रम त्यांनी गावोगाव केला, प्रयोग दोन हजारांच्या वर. 6 मे 2018 ला मुंबईत गेले. सिनेमाच्या जोरावर नाव झालेला हा गायक नव्हे. निवडक कवी, निवडक संगीतकार आणि मायक्रोफोन, एवढ्यावर उभी राहिलेली ही कारकीर्द आहे. नोकरी होती म्हणून मिळेल ते गायची पाळी आली नाही, हा त्या गळ्यावर झालेला मोठा उपकार, असं मला वाटतं.

आता आपल्याकडचा गळा. तो घडतो भजनात. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचं खंजिरी भजन म्हणजे खुला आवाज, चढी पट्टी, शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत फेक. भजनाला ते शोभतं. त्याच जोरानं भावगीत म्हटलं की पहिला अंतरा संपायच्या आत श्वास संपतो आणि शब्द तुटायला लागतात. दात्यांचा जोर बोलण्याच्या जोराइतकाच आहे. म्हणून आधी पेटी बंद ठेवून गाणं नुसतं बोला. श्वास जिथं आपोआप पडतो तिथं पेन्सिलीनं खूण करा. ‘या जन्मावर’ नंतर घ्या, ‘या जगण्यावर’ नंतर घ्या. ‘जगण्या’ आणि ‘वर’ यांच्या मधे घेतलात तर अर्थच मोडला. ‘शुक्रतारा’ची खळ्यांची चाल ऐकताना सरळ वाटते, पण तिच्यातल्या वळणांना दम राखून ठेवावा लागतो. तो आधीच उधळलेला असला की सूर खाली बसतो.

दात्यांच्या आवाजात एक हलका कंप होता. नक्कल करणारे नेमका तोच उचलतात आणि हनुवटी हलवून काढतात. लांब स्वरावर मग सूर डोलायला लागतो. तो कंप त्यांचा होता, तुमचा स्वर सरळच लावा.

जोडगीतात सगळ्यात जास्त घोळ पट्टीचा, म्हणजे ‘सा’ पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा याचा. पुरुष आपल्या सोयीनं काळी दोन (पेटीची दुसरी काळी पट्टी) धरतो आणि बाईला अंतऱ्यात चिरकावं लागतं. अंतऱ्यातला सर्वांत वरचा स्वर दोघांनी आधी शब्दांशिवाय नुसत्या ‘आ’कारात, हळू आवाजात लावून पाहावा. जो हळू लागत नाही, तो जोरानं लागला तरी गोड लागत नाही. मग अर्धा-अर्धा स्वर खाली या. बहुतेकदा काळी एक किंवा पांढरी एकला दोघांचं जमतं.

माइक तोंडापासून चार बोटं, आणि जरा तिरपा. सरळ धरला की ‘भातुकली’तला भ आणि ‘फुलायचे’तला फ धाडकन आदळतात. अगदी ओठाला लावला तर खर्ज, म्हणजे आवाजाचा खालचा जाड भाग, फुगतो आणि शब्द घुमतात. साउंडवाल्याला इको जवळजवळ बंद करायला सांगा. तो कुरकुरेल, कारण इकोशिवाय आवाज भारी वाटत नाही असा त्याचा समज असतो. भोंग्यावर हे गाणं लावूच नका. भोंगा खर्ज खाऊन टाकतो आणि दात्यांच्या गाण्यातला ओलावा नेमका तिथंच आहे.

आपल्या थंडीत दव पडतं. तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल होते, स्वर उतरतो आणि गाणारा नकळत तबल्याबरोबर खाली येतो. शेकोटीशी तबला शेकायची सवय वाईट: तेवढ्यापुरता स्वर चढतो, मंचावर आला की पुन्हा उतरतो, आणि जास्त शेकला तर शाई (पुडीवरचा काळा गोल) तडकते. तबला गाण्याआधी झाकून ठेवा, दर दोन-तीन गाण्यांनी स्वर तपासा, जमल्यास दुसरा तबला लावून तयार ठेवा. नाटकात तुमचं गाणं पहाटे दोनला आलं तर गळाही तसाच थंड असतो. खाकरून तो मोकळा होत नाही, उलट सोलतो. कोमट पाणी घ्या, मंद्रात (खालच्या सप्तकात) दहा मिनिटं हळू स्वर लावा, मगच मंचावर जा.

शेवटचा मुद्दा वयाचा, आणि इथं बहुतेकांचा अभिमान आडवा येतो. पन्नाशीनंतर साधारणपणे वरचे स्वर आधी कमी होतात. तेव्हा पट्टी अर्ध्या स्वरानं उतरवा, काही वर्षांनी आणखी अर्ध्या. श्रोत्याला ते कळत नाही, ओढून काढलेला स्वर मात्र लगेच कळतो. साथीदारांना हे आधी सांगा. स्केल-चेंजर पेटी असेल तर पेटीवाला जागच्या जागी सरकवून घेतो, पण बासरीवाल्याला दुसरी बासरी लागते. तबला साधारण साडेपाच इंची तोंडाचा असेल तर काळी एकला बरा बोलतो. त्याच्या बराच खाली ओढलात तर तो भद्द वाजतो, तिथं मोठ्या तोंडाचाच हवा. मंचावर चढल्यावर ‘आज पांढरी एक धरू’ म्हणालात, तर बासरीवाला अख्खं गाणं हाताची घडी घालून बसेल, आणि त्याचं काही चुकलेलं नसेल.