तीन मीटर

(खुर्ची. फरशीवर चिकटपट्टीची खूण. स्टॉपवॉच.)

आजींना एवढंच करायचंय. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, खुणेपाशी वळायचं आणि परत येऊन बसायचं. काठी चालेल. हात धरायला मात्र कुणी नाही.

वय ८१. मेंदूच्या आवरणात गाठ आहे, मेनिन्जिओमा. घरातल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: या वयात ऑपरेशन झेपेल का?

वळताना पावलं मोजा. एक, दोन, तीन, चार, पाच. एवढ्याशा वळणात नजर, तोल, पायातलं बळ आणि हे सगळं जुळवणारा मेंदू, सगळ्यांची परीक्षा होते. बसल्या. १७ सेकंद. १२ किंवा त्याहून जास्त लागले, तर पडण्याचा धोका धरतात.

(हाताचा क्लोजअप.)

आता मूठ. बाईची पकड १६ किलोच्या खाली आली, तर स्नायू झिजल्याची शंका घ्यायची. पुरुषाची २७ च्या. आजींची १८ भरली. त्या स्वतःच काट्याकडे बघतायत.

(एमआरआयचा पडदा.)

इथे सगळ्यांची नजर गाठीवर जाते. जरा बाहेर या, कवटीच्या बाजूला. घास चावताना कानशिलावर बोट ठेवलं की हलतो, तोच हा स्नायू. तो किती जाड आहे यावरून अंगातल्या एकूण स्नायूंचा अंदाज बांधता येतो. स्कॅन तर काढलेलाच असतो, फक्त तिथे बघायचं असतं!

(कोरा कागद. पेन्सिल.)

घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. मिनिटकाटा दहाच्या आकड्याकडे ओढला जातो, जायला हवा दोनवर. आजींची पेन्सिल दहावर टेकली. थांबली. मग दोनवर गेली.

पण सगळ्यात मोलाचा प्रश्न मुलाला विचारलाय: हे दुखणं सुरू व्हायच्या आधी आई कशी होती? स्वयंपाक, आंघोळ, पैशांचा हिशोब, सगळं स्वतः करायची? कॅनडात २००५ साली मांडलेली अशक्तपणाची मोजपट्टी याच उत्तरांवर चालते. गाठीच्या दाबाने आलेला अशक्तपणा गाठ निघाल्यावर ओसरू शकतो. वर्षानुवर्षं मुरलेला तसा जात नाही. चार महिन्यांपूर्वीपर्यंत आजी जिना एकट्या चढायच्या. फाईलमध्ये हे वयाच्या शेजारीच लिहायला हवं, तितक्याच ठळक अक्षरांत.

मग तयारी. खुर्चीतून उठण्याचा रोज सराव, आहारात जास्त प्रथिनं. शुद्ध येताच चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी, म्हणजे मन भ्रमण्याची शक्यता कमी होते.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या रात्री थोडा गोंधळ उडाला, अकराव्या दिवशी घरी.

(तीच खुर्ची. तीच खूण.)

सहा आठवड्यांनी. काठी भिंतीला टेकवून ठेवलीय. वळताना पावलं मोजा.

एक. दोन. तीन.